एक शब्द आणि एक ठराव

आंतरराष्ट्रीय संघटनांचा इतिहास आपल्याकडे बहुधा स्थापनेची सने, मुख्यालये आणि अंगोपांगे ह्यांच्या याद्यांतून शिकवला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निराळ्या वाटेने, म्हणजे त्याने तयार केलेल्या मजकुरांच्या खर्ड्यांवरून, जावे असे आम्हांला वाटते. पाठभेद तपासण्याची सवय इथे उपयोगी पडते.

जानेवारी १९४७ मध्ये मानवी हक्क आयोगाची पहिली बैठक न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस येथे भरली. अठरा सभासदांत स्त्रिया दोनच: अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या हंसा मेहता. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. हंसा मेहता ह्यांचा पिंड राजकारणाइतकाच अक्षरांचाही. गुजरातीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'करणघेलो' (१८६६) लिहिणारे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. आणि त्यांनी स्वतः शेक्सपिअरची काही नाटके गुजरातीत आणली होती. एका शब्दाच्या पोटात काय दडते ह्याची जाण त्यांना अनुवादाच्या कामातून आली असावी, हा आमचा तर्क. पण तो अगदीच निराधार नसावा.

जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या खर्ड्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. 'मेन' म्हणजे पुरुषच, असा अर्थ कोणी उद्या लावला तर? ही शंका मेहता ह्यांनी मांडली. रूझवेल्टबाईंचे म्हणणे असे की इंग्रजीत ह्या शब्दात स्त्रिया येतातच, रूढीच तशी आहे. व्याकरणदृष्ट्या त्या चुकत नव्हत्या. परंतु मेहता ज्या देशातून आल्या होत्या तिथे वारसाहक्कापासून मतदानापर्यंत 'मनुष्य' ह्या सामान्यनामात बाई केव्हा धरायची आणि केव्हा वगळायची हे पुरुषच ठरवीत आले होते. डिसेंबर १९४७ मधील जिनिव्हाच्या बैठकीपर्यंत 'मेन' टिकून राहिला. त्यात उभयतांचा समावेश आहे एवढा खुलासा तेवढा जोडण्यात आला. पुढल्या वर्षी मात्र मजकूर 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असा झाला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ विरुद्ध शून्य मतांनी, आठ राष्ट्रे तटस्थ असताना, जाहीरनामा संमत झाला. ह्या बदलाचे श्रेय एकट्या मेहता ह्यांना देण्याची अलीकडे प्रथा पडली आहे. ते पुरते खरे नाही. डेन्मार्कच्या बोडिल बेगट्रुप ह्यांचा आणि सोव्हिएत प्रतिनिधींचाही त्यात वाटा होता.

बदलही अर्धामुर्धाच. २३व्या आणि २५व्या कलमांत, वेतन आणि राहणीमान ह्यांची गोष्ट निघताच, इंग्रजी मजकूर पुन्हा 'तो आणि त्याचे कुटुंब' ह्या वळणावर जातो. फ्रेंचमध्ये तर शीर्षकातला 'ओम' आहे तसाच राहिला. मराठीने मात्र गंमत केली आहे. मराठी भाषांतरातली 'मानवी व्यक्ती' व्याकरणाने स्त्रीलिंगी! अर्थात तेवढ्याने कुणाच्या पदरात सातबारा पडत नाही.

ह्या शब्दाच्या गौरवात मेहता ह्यांची दुसरी सूचना झाकली गेली आहे, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी भारतातर्फे ठरावाचा मसुदा दिला. मानवी हक्कांच्या भंगाच्या तक्रारींची दखल सुरक्षा समितीने घ्यावी, चौकशी करावी आणि निवारण घडवून आणावे, असे त्यात म्हटले होते. ह्यामागे ताजा अनुभव होता. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न भारताने १९४६ सालीच आमसभेपुढे नेला होता आणि 'हा आमचा अंतर्गत मामला' हे उत्तर ऐकले होते. अंमलबजावणीचा साधा मार्गच नसेल तर जाहीरनामा कशासाठी, हा मेहता ह्यांचा प्रश्न होता. जिनिव्हात अंमलबजावणीसंबंधीच्या कार्यगटाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.

आयोगाने ह्याच्या नेमके उलट केले. व्यक्तींकडून येणाऱ्या तक्रारींवर कारवाई करण्याचा कोणताही अधिकार आपणांस नाही, असे त्याने १९४७ सालीच नमूद करून ठेवले. कारण उघड होते. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते, ब्रिटन आणि फ्रान्सजवळ वसाहती होत्या, रशियात श्रमछावण्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस ह्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कैफियत राष्ट्रसंघाकडे दिली. तिच्यावर आयोगाने काही केले नाही. शब्द बदलून द्यायला बड्या राष्ट्रांना फारसा खर्च येत नव्हता, तक्रार ऐकून घ्यायला आला असता.

बंधनकारक करारांचे मसुदे मंजूर व्हायला १९६६ साल उजाडले आणि ते अमलात यायला १९७६. मधल्या काळात, १९७० साली, आर्थिक व सामाजिक परिषदेने तक्रारी पाहण्याची एक पद्धत अखेर सुरू केली. ते कामकाज गोपनीय ठेवण्यात आले.