भाताच्या ‘करप्या’चा इतिहास : एक नाव, दोन रोग

रोगाचा इतिहास हा पुष्कळदा त्याच्या नावाचाही इतिहास असतो. मालवण किनाऱ्यालगतच्या भातशेतीचा विचार करताना ‘करपा’ हा शब्द याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘करपणे’ या क्रियापदावरून साधलेले हे नाम पाने होरपळल्यासारखी दिसतात एवढेच सांगते. ती कशाने होरपळली, हे सांगत नाही. वस्तुतः या एका नावाखाली दोन भिन्न रोग नांदत आले आहेत. एक बुरशीमुळे होतो, दुसरा जिवाणूमुळे. दुसऱ्यात पिवळेपणा पानाच्या शेंड्याकडून व कडांकडून आत सरकतो. म्हणून कृषिविषयक लेखनात त्यास ‘कडा करपा’ असे म्हटले जाते.

जिवाणुजन्य करप्याची पहिली नोंद जपानच्या क्यूशू बेटावरील फुकुओका भागात १८८४ साली झाली. आरंभी तेथेही दोष जमिनीच्या आम्लतेस दिला गेला. १९०९ मध्ये रोगट पानांवरील गढूळ दवबिंदूंत जिवाणूंचे पुंजके आढळले आणि शोधाची दिशा बदलली. १९२२ मध्ये इशियामा यांनी या जिवाणूस शास्त्रीय नाव दिले. ते पुढे अनेकदा बदलून १९९० पासून ‘झँथोमोनस ओरायझी’ या जातीचा ‘ओरायझी’ हा रोगप्रकार असे स्थिरावले. जावा बेटात कोवळी रोपेच मारणाऱ्या याच रोगाच्या रूपास ‘क्रेसेक’ म्हणतात. वाळलेल्या पानांच्या खसखशीवरून पडलेल्या त्या नावाची १९५० मध्ये शास्त्रीय वाङ्मयात नोंद झाली. परंतु त्यामागील जिवाणू तोच, हे सिद्ध होण्यास आणखी काही वर्षे लागली. कानाने दिलेले नाव असो वा डोळ्याने, दोन्ही लक्षणापाशीच थांबली.

भारतात या रोगाचे निदान श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनी १९५९ साली, तत्कालीन मुंबई राज्यातील भातावरून प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. त्यानंतर आलेल्या ‘तायचुंग नेटिव्ह–१’ या बुटक्या वाणाची रोगास बळी पडण्याची प्रवृत्ती आणि नत्रखताचा वाढता वापर यांमुळे त्याचे महत्त्व देशभर वाढले.

आता हवामानाचा प्रश्न. ‘करपा’ हा शब्द कोरड्या उन्हाची कल्पना मनात आणतो. जिवाणूला मात्र ऊब आणि ओलावा ही दोन्ही एकत्र लागतात. सुमारे २५ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान, दमट हवा आणि वादळी पाऊस ही त्याची अनुकूल परिस्थिती होय. वाऱ्याने पाने एकमेकांवर घासून जखमा होतात व पाण्याच्या शिंतोड्यांतून जिवाणू त्यांत शिरतो. याउलट बुरशीजन्य करप्यास तुलनेने थंड रात्री व दीर्घकाळ टिकणारे दव मानवते. अर्थात् तापमानवाढीचा परिणाम दोहोंवर सारखा होईल असे मानता येत नाही. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत लक्षणीय तापले असून तेथील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढली आहे. २०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’चा तडाखा मालवण किनाऱ्याने अनुभवला. भात उभे असताना अशी वादळे आली, तर जिवाणूचा मार्ग सुकर होतो. शिवाय वाढत्या उष्णतेत अनेक प्रतिकारक जनुकांचा प्रभाव घटतो. ‘एक्सए–७’ हे जनुक मात्र उष्णतेत अधिक प्रभावी ठरल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. वाण निवडताना ही बाब महत्त्वाची आहे.

नावाचा हा घोळ केवळ कोशकारांपुरता मर्यादित नाही. जिवाणुजन्य रोगावर बुरशीनाशक फवारल्यास पैसा व्यर्थ जातो. पान फिकट दिसते म्हणून नत्र वाढविल्यास रोग बळावतो. निदानाची साधी रीत मात्र शेतातही साध्य आहे. रोगट पान कापून त्याचे कापलेले टोक पेलाभर स्वच्छ पाण्यात धरावे. थोड्या वेळात दुधाळ धार पाण्यात उतरू लागली, तर रोग जिवाणूचा समजावा. जे वेगळेपण शब्दात उरले नाही, ते पाण्यात स्पष्ट दिसते. यापुढे ‘कडा’ हे विशेषण बोलण्यातही जपले जाणे अगत्याचे आहे, कारण बदलत्या हवेत या दोन करप्यांच्या वाटा एकमेकींपासून अधिकच दूर जाण्याचा संभव आहे.