पलंगाशी टांगलेली बाटली

वऱ्हाडात खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. अकोला शहराची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर, आणि उन्हाळ्यात नळाची वाट पाहणं आलंच. अशा मुलखातल्या सिस्टरला ‘प्रत्येक पेशंटनंतर हात धुवा’ म्हणणं फार सोपं आहे. मला तरी पलंगाशी टांगलेली हात चोळायच्या औषधाची बाटली इथल्या गरजेचीच वस्तू वाटते, जन्मली दूर असली तरी.

तिचं मूळ बाळंतिणींच्या वॉर्डात सापडतं. व्हिएन्नात डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासायला जात. एप्रिल १८४७ मध्ये तिथे शंभरातल्या अठरा जणी दगावल्या. तिथलेच डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि १८४८ साली हे प्रमाण शंभराला १.२७ वर आलं. तरीही बड्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे कबूल करणं जड गेलं असणार.

पुढे हात धुणं रुळलं, पण मग पेनिसिलिन आलं आणि हातांचा धाक ओसरला. जंतू मात्र शिकत राहिले. मेथिसिलिन या औषधालाही न जुमानणारे जंतू १९६१ मध्येच नोंदले गेले. औषध हरलं की उरतो तो जुनाच उपाय: जंतू एका पलंगावरून दुसऱ्यावर जाऊ न देणं.

जिनिव्हाच्या रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी हाच प्रश्न घड्याळ लावून पाहिला. अतिदक्षता विभागात नर्सला तासाला वीसेक वेळा हात स्वच्छ करावे लागतात. साबण-पाण्याला दर वेळी मिनिटभर धरलं, तर पेशंटकडे पाहायचं कधी? बाटलीतलं अल्कोहोल चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात, तेही पलंगाशीच. १९९४ ते १९९७ दरम्यान तिथे हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात जडणारे संसर्ग १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. हात रक्ताने, मळाने माखले असतील तर मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध बनवायची कृती सर्वांसाठी खुली केली: ८० टक्के इथेनॉल, कातडी फुटू नये म्हणून थोडं ग्लिसरीन, आणि किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. रुग्णालयाच्या औषध विभागातही ते तयार करता येतं, धुतलेल्या जुन्या बाटल्यांतही भरता येतं. फक्त भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या. पेरॉक्साइड तेवढ्या वेळात बाटलीत दडलेले बीजाणू मारतं.