यशस्वी वार्धक्य मोजायचे कसे?

अमुक आजोबांचे म्हातारपण चांगले गेले, असे आपण सहज म्हणतो. पण ‘चांगले’ म्हणजे किती आणि ते ठरवायचे कोणी?

१९६१ साली अमेरिकेत रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांनी ‘यशस्वी वार्धक्य’ या विषयावर लेख लिहिला. त्याच वर्षी बर्निस न्यूगार्टन व शेल्डन टोबिन यांच्यासह त्यांनी जीवनसमाधान मोजणारी प्रश्नावली मांडली. म्हणजे निवाडा वृद्धांच्याच उत्तरांवर सोपवला.

जॉन रो व रॉबर्ट कान यांनी १९८७ साली ‘सर्वसाधारण’ आणि ‘यशस्वी’ वार्धक्य यांत भेद केला. १९९७ साली त्यांनी यशाचे तीन निकष सांगितले: आजार व अपंगत्वाचा धोका कमी असणे, शरीर व बुद्धी कार्यक्षम असणे, आणि माणसांत व कामात गुंतलेले असणे. हे निकष बाहेरून तपासता येतात.

कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात ६५ ते ९९ वयाच्या ८६७ जणांना दोन्ही मापे लावली गेली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निकषांनुसार १८.८ टक्के लोक यशस्वी ठरले. स्वतःला यशस्वी मानणारे मात्र ५०.३ टक्के होते! जुनाट आजार असलेलेही त्यांत बरेच होते.

यांतले कोणते माप खरे? वृद्धांसाठीच्या योजना आखताना दवाखाना आधी की सोबत, हे या उत्तरावर अवलंबून राहील. वर्गात हा प्रश्न अवश्य चर्चेला घ्यावा.