वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे: साधे कोणते आणि धोक्याचे कोणते?

वजन कमी करण्यासाठी केली जाणारी बेरिअॅट्रिक शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रे, दोन-तीन दिवस रुग्णालयात आणि मग घर. शस्त्रक्रिया सर्जन करतात, पण घरी गेल्यावर रात्री पोटात दुखू लागले की पहिला फोन बऱ्याचदा फॅमिली डॉक्टरला येतो. त्या फोनवर प्रश्न दोनच असतात. एवढे दुखणे ठीक आहे ना? आणि घरात असलेली अमुक गोळी देऊ का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच माहीत असलेली बरी.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे? 'स्लीव्ह'मध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या जठराची केळ्यासारखी अरुंद नळी राहते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे सांगता आले पाहिजे. "वजनाचे ऑपरेशन झाले आहे" एवढ्याने समोरच्या डॉक्टरला पुरेशी माहिती मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात काय दुखते?

छिद्रांच्या जागी दुखणे स्वाभाविक आहे. त्यातले एक छिद्र इतरांपेक्षा जास्त दुखते आणि रुग्ण घाबरतात, "याच बाजूला काहीतरी झाले आहे" म्हणतात. स्लीव्हमध्ये कापलेले जठर ज्या छिद्रातून बाहेर काढतात ते थोडे मोठे करावे लागते, त्यामुळे तिथला स्नायू जास्त ताणला जातो. वळताना, खोकताना, पलंगावरून उठताना तिथे चमक येते. दोन आठवड्यांत ती बरीच कमी होते.

दुसरे दुखणे रुग्णांना कोड्यात टाकणारे. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखतो खांदा! दुर्बिणीतून नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. शेवटी तो काढून टाकला तरी थोडा आत राहतो आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला चुरचुर लावतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून जाते, म्हणून मेंदूला वाटते की खांदाच दुखतो आहे. हे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. चालल्याने आणि खांदा शेकल्याने आराम पडतो. गॅसच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही, कारण हा वायू आतड्यात नसतोच.

तिसरे म्हणजे छातीच्या मधोमध, घोट गिळताना येणारी आवळल्यासारखी कळ. जठर सुजलेले असते, मार्ग अरुंद असतो, आणि आपण सवयीने मोठा घोट घेतो. घोट लहान केला की ही कळ बहुतेक वेळा थांबते. याशिवाय नळीमुळे घसा दुखणे आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर घेतलेल्या इंजेक्शनांचे निळे-जांभळे डाग हे सगळे ठरल्यासारखे असते. ती इंजेक्शने डाग पडतात म्हणून मध्येच बंद करू नका.

वेदनाशामक गोळ्या: इथे सर्वांत जास्त चुका होतात

पॅरासिटॅमॉल हे या काळातले मुख्य औषध. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेला, सहा-सहा तासांनी, पहिले काही दिवस नियमाने घ्या. "सहन होत नाही तेव्हाच घेईन" असे करू नका. दुखणे वाढल्यावर ते आटोक्यात यायला वेळ लागतो, तोवर तुम्ही हलत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि खरे नुकसान तिथे होते. मात्र मात्रा ओलांडू नका. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, पण वजन जास्त असलेल्या अनेकांच्या यकृतात चरबी असते, म्हणून सर्जन बऱ्याचदा याहून कमी मात्रा लिहून देतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असते. ते हिशेबात धरा.

काहींना दोन-चार दिवस ट्रॅमाडॉल देतात. त्याने गुंगी येते, मळमळते आणि बद्धकोष्ठता होते. झोपेत घोरण्याचा आणि श्वास अडकण्याचा त्रास असेल व रात्री यंत्र लावत असाल, तर शस्त्रक्रियेनंतरही ते यंत्र चुकवू नका, आणि ट्रॅमाडॉल सांगितल्यापेक्षा एक गोळीही जास्त घेऊ नका. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर तसे आधी सांगा.

आता मुख्य मुद्दा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड, ही सूज उतरवणारी वेदनाशामके स्वतःहून घ्यायची नाहीत. बायपास झाला असेल तर सहसा आयुष्यभर नाही. स्लीव्हनंतरही सर्जनला विचारल्याशिवाय नाही. ही औषधे जठराच्या आतल्या संरक्षक थराला धक्का लावतात. बायपासमध्ये जिथे जठराची पिशवी आणि आतडे जोडलेले असते, त्या जोडावर व्रण होतो. तो रक्तस्राव करू शकतो, कधी फुटूही शकतो.

अडचण अशी की ही नावे रुग्णांना माहीत नसतात, त्यांना ब्रँड माहीत असतो. कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, व्होवरान, झिरोडॉल, मेफ्टाल यांपैकी एखादी पट्टी जवळजवळ प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात सापडेल. रुग्ण रुग्णालयातून घरी येण्याआधीच नातेवाइकांनी तो डबा उपसून या पट्ट्या बाजूला काढाव्यात. "पॅरासिटॅमॉल आहे त्यात" असे केमिस्ट म्हणाला तरी सोबत दुसरे काय आहे ते पट्टीच्या मागे वाचा.

आणखी एक समज मी वारंवार ऐकतो: गोळीने अॅसिडिटी होते, म्हणून इंजेक्शन घेतले. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन कमरेत घेतले तरी औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच, त्यामुळे धोका टळत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनने देखरेखीखाली एखाद-दुसरा डोस दिला असेल तर तो त्यांचा निर्णय. त्यावरून घरी घ्यायला हरकत नाही असा अर्थ काढू नका. हृदयासाठी कमी मात्रेची अॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका आणि मनाने सुरूही करू नका. सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ते ठरवतील.

व्रणाचे दुसरे मोठे कारण तंबाखू. धूम्रपान तर नकोच, पण मिश्री आणि गुटखा चालतो असे समजू नका. जठराचे आम्ल कमी करणारी गोळी काही महिने लिहून देतात, ती "आता जळजळ नाही" म्हणून सोडू नये.

गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांना हे सगळे अवघड जाते, हे मला मान्य आहे. पण वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार साधारण चार किलोने कमी होतो. पहिले दोन-तीन महिने पॅरासिटॅमॉल, शेक, मलम आणि फिजिओथेरपी यांवर निभावून न्या. त्यानंतर गोळीची गरज पुष्कळांना उरत नाही. मलमातही डायक्लोफेनॅक असते, पण ते रक्तात फार थोडे जाते. तरी सर्जनला विचारून लावा.

गोळ्या मोठ्या असतील तर पहिले काही आठवडे त्या चुरून किंवा पातळ औषधाच्या रूपात घ्याव्या लागतात. मात्र ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'एसआर', 'एक्सआर' किंवा 'ईआर' लिहिलेले असते त्या चुरू नका. दिवसभराचे औषध एकदम रक्तात जाईल.

दुखण्याइतकीच नाडीही बघा

या शस्त्रक्रियेतली सर्वांना धास्ती असलेली गुंतागुंत म्हणजे टाक्यांच्या रेषेतून गळती. ती कमी जणांना होते, पण झाली तर तासांना किंमत असते. आणि ती नेहमी भयंकर पोटदुखी घेऊन येत नाही. पोटावर चरबी जास्त असेल तर पोट हाताला कडकही लागत नाही. सर्वांत आधी बदलते ती बहुधा नाडी.

कोरोनाच्या काळात आणलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर तो काढा. त्यावर ऑक्सिजनसोबत नाडीचे ठोकेही दिसतात. घरी आल्यापासून पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटे शांत बसून, आकडा वहीत लिहा. बसलेले असताना ठोके मिनिटाला १२० च्या वर असतील तर ताप नसला, दुखणे फार नसले तरी थांबू नका. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे त्याच वेळी जा, रात्र असली तरी. १०० ते १२० च्या मध्ये राहत असतील तर सर्जनला फोन करा. पाणी कमी पडल्यानेही असे होते, पण तो निवाडा घरी करायचा नसतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल घेत असाल तर ही औषधे ठोके दाबून ठेवतात, म्हणून तुमच्या बाबतीत आकडा दिलासा देणारा दिसला तरी त्यावर विसंबू नका.

कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागणे, तीन दिवसांनंतर डावा खांदा नव्याने दुखणे, थंडी वाजून ताप, विनाकारण "काहीतरी बिघडले आहे" अशी घालमेल, काळी शौच किंवा उलटीत रक्त, यांपैकी काहीही झाले तरी हाच नियम. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करा. पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

हालचाल

शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच चालायला लावतात ते याच गुठळीच्या भीतीने. घरीही दर एक-दोन तासांनी खोलीतल्या खोलीत पाच मिनिटे चाला. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या आधाराने उठा. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा. तीन चेंडूंचे जे यंत्र दिलेले असते त्यात बरेच जण फुंकर मारतात. त्यात फुंकायचे नसते, श्वास आत ओढायचा असतो.

सहा आठवडे पाण्याची कळशी, सिलिंडर, भरलेली बादली आणि लहान मूल उचलणे बंद. बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी सुरू होते.

खाण्याशी जोडलेले दुखणे

पहिले एक-दोन दिवस नुसते पातळ पाणीदार, मग साधारण दोन आठवडे ताक, वरणाचे पाणी, गाळलेले मुगाचे कढण, प्रथिनांची पावडर घातलेले दूध. त्यानंतर घोटलेले आणि मऊ पदार्थ, आणि साधारण सहाव्या आठवड्यापासून नेहमीचे जेवण. सर्जननुसार हे दिवस थोडे बदलतात, तुमचा तक्ता हाच खरा. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोट-घोट पोटात गेले पाहिजे. रुग्णालयात परत दाखल व्हावे लागण्याचे एक नेहमीचे कारण शरीरातले पाणी कमी पडणे हे आहे. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे असे समजा.

नातेवाइकांना एक विनंती. "एवढे मोठे ऑपरेशन झाले, अंगात ताकद नको का?" म्हणून तुपातला शिरा किंवा डिंकाचा लाडू पुढे करू नका. नव्या जठरात एक घास जास्त गेला तरी छातीत कळ येते आणि उलटी होते. बायपासनंतर गोड खाल्ले की छाती धडधडणे, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. शौचास कडक होत असेल तर या काळात इसबगोल घेऊ नका, पुरेसे पाणी पिता येत नसताना ते आत घट्ट बसू शकते. पातळ औषध लिहून घ्या.

मधुमेहाच्या रुग्णांनी साखर रोज तपासावी. खाणे एवढे कमी झाल्यावर जुन्याच मात्रेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच.

उलट्या दोन-तीन दिवसांहून जास्त चालल्या तर नुसते सलाईन लावून घेऊ नका. सततच्या उलट्यांनी शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपते आणि अशा वेळी आधी बी-१ न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे, बोलणे असंबद्ध होणे, तळपायांची आग ही त्याची चिन्हे. जवळच्या दवाखान्यात जाल तेव्हा "वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, सलाईनआधी थायमिन द्यावे लागेल का?" असे स्पष्ट विचारा. डॉक्टरांना राग येणार नाही. आला तरी चालेल.

काही महिन्यांनी उठणारी पोटदुखी

वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेकांना सहा महिने एक गोळी देतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखून ते पाठीकडे जात असेल तर सोनोग्राफी करून घ्या.

बायपास झालेल्यांसाठी याहून गंभीर गोष्ट म्हणजे आतल्या आत होणारा हर्निया. वजन उतरले की पोटातली चरबी वितळते, आतड्यांच्या पडद्यांमधल्या फटी रुंदावतात आणि त्यांत आतडे अडकते. हे काही महिन्यांनीही होते आणि कित्येक वर्षांनीही. बेंबीभोवती किंवा त्याच्या वर डावीकडे अचानक मुरडा येतो, जातो, पुन्हा येतो. मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो. एक्स-रे आणि सोनोग्राफी साफ येऊ शकते, आणि मग "गॅस आहे" म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाते. अशा दुखण्यात सीटी स्कॅन करावा लागतो, आणि तो साफ आला तरी दुखणे थांबत नसेल तर बेरिअॅट्रिक सर्जनने पाहणे आवश्यक असते. गरोदरपणात वाढत्या गर्भाशयामुळे हा धोका वाढतो, आणि तेव्हा पोटदुखी गरोदरपणाच्या खात्यावर सहज टाकली जाते. साधारण दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात, त्यानंतर दिवस राहिले तर प्रसूतितज्ज्ञांना बायपासबद्दल पहिल्याच भेटीत सांगा.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यासोबत एका कागदावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, सर्जनचा फोन नंबर आणि "आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये" ही ओळ लिहून तो पाकिटात ठेवा. गावी किंवा प्रवासात पोट दुखू लागले तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, इंजेक्शन भरले जाण्याच्या आधी.