मद्यपान आणि मेंदूला मार

रस्त्यावरील अपघात, उंचावरून पडणे, मारामारी यांत मेंदूला मार बसलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्मे लोक त्या वेळी नशेत असतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. दारू अपघात घडवते, हे सर्वमान्यच आहे. ती झालेली इजा झाकते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. अडखळते बोलणे, जाणारा तोल, उलटी, गुंगी ही लक्षणे जशी दारूची, तशीच कवटीत साचणाऱ्या रक्ताचीही. त्यामुळे ‘प्यायलाय, झोपू द्या’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. जुन्या मद्यपीला धोका अधिक: आक्रसलेल्या मेंदूवरील शिरा ताणल्या जाऊन किरकोळ धक्क्यानेही फाटतात आणि यकृत बिघडून प्लेटलेट घटल्या असतील तर रक्तस्राव लवकर थांबत नाही.

शुद्धीची पातळी मोजण्यासाठी टीसडेल व जेनेट यांनी 1974 मध्ये ग्लासगो श्रेणी मांडली; आज तिचे गुण 3 ते 15 असतात. नशेत हे गुण आपोआप घसरतात, मग त्यांवर विसंबायचे कसे, असा आक्षेप घेतला जातो. एक लाखाहून अधिक जखमींच्या अमेरिकी नोंदींचा 2007 मधील अभ्यास याला उत्तर देतो: दारूमुळे पडलेला फरक सरासरी एका गुणाहूनही कमी होता. अतिमद्यपानाने नुसतीच बेशुद्धी येते, हे खरे; पण ते सीटी स्कॅननंतर ठरवायचे. केवळ तोंडाच्या वासावरून रक्तातील दारूचे प्रमाणही कळत नाही. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्यांसाठीच्या 2000 मधील न्यू ऑर्लिन्स निकषांत नशा हेच सीटी स्कॅनचे एक कारण मानले आहे.

दुसरा आक्षेप चमत्कारिक आहे. गंभीर मार लागलेल्या 38 हजारांवर अमेरिकी रुग्णांच्या 2009 मधील अभ्यासात रक्तात दारू असलेल्यांचा मृत्युदर 7.7 टक्के, तर इतरांचा 9.7 टक्के आढळला. यावरून दारू मेंदूचे रक्षण करते असे म्हणणे उतावीळपणाचे आहे. घटनास्थळीच दगावलेले रुग्णालयीन नोंदींत येत नाहीत. शिवाय प्यालेल्या गटात गुंतागुंती अधिक होत्या. सवयीच्या मद्यपीची दारू रुग्णालयात अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, झटके सुरू होऊ शकतात आणि ते पुन्हा मेंदूच्या इजेसारखेच दिसतात. म्हणून नशा हे निदान नव्हे; इतर कारणे तपासून वगळल्यावरच तिला दोष द्यावा.