बर्बन-शोध (पिंपरी-चिंचवड)

बर्बन-शोध : बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या सहजी न मिळणाऱ्या बाटल्यांचा माग काढून त्या मिळवण्याचा व जपण्याचा छंद. मूळचा अमेरिकेतला हा छंद पिंपरी-चिंचवड, चाकणच्या उद्योगपट्ट्यात पोचतो तेव्हा त्याचे स्वरूप बदलते. केंटकी या अमेरिकी राज्यातला शौकीन दुर्मिळ वस्तूच्या मागे असतो. इथला बहुतेकदा टंचाईच्या. दुर्मिळता काळातून येते, टंचाई कर आणि परवान्यांतून. दोहोंची गल्लत झाली की साध्या बाटलीलाही रत्नाचा भाव येतो.

बर्बन मुळात दुर्मिळ नाही. किमान 51 टक्के मका, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवणे आणि वरून रंग-चव न मिसळणे, असे तिचे नियम आहेत; 1964 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला देशाचे खास उत्पादन ठरवले. 2024 च्या सुरुवातीला एकट्या केंटकीत 1 कोटी 40 लाखांहून अधिक पिंपे मुरत होती. राज्याची वस्ती सुमारे 45 लाख, म्हणजे माणशी तीन पिंपे. दुर्मिळ असते ती दोन दशके टिकलेली बर्बन. दरवर्षी पिंपातून काही भाग उडून जातो आणि उरलेल्यात लाकडाचा कडवटपणा चढतो, म्हणून ‘पॅपी व्हॅन विंकल’ची 20 किंवा 23 वर्षांच्या बाटल्यांची संख्या मागणी वाढली म्हणून आज वाढवता येत नाही. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियासारख्या राज्यांत सरकारी यंत्रणा अशा बाटल्यांसाठी सोडत काढते. काही ओढ मात्र संग्राहकांनी स्वतःच वाढवलेली आहे. 1984 मध्ये बाजारात आलेल्या ‘ब्लँटन्स’च्या लेबलवर पिंपाचा क्रमांक आणि ते रिकामे केल्याची तारीख असते. बुचावर घोडेस्वाराची छोटी धातूमूर्ती आणि नावातले एक अक्षर असते. आठ अक्षरांची आठ बुचे ओळीने लावली की घोडा दौडत निघालेला दिसतो. तो संच पुरा करण्यासाठी लोक बाटल्या धुंडाळतात.

पिंपरीत अडचण निराळी. भारताने बर्बनवरील सीमाशुल्क फेब्रुवारी 2025 मध्ये 150 वरून 100 टक्क्यांवर आणले. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क आणि दर लेबलची नोंदणी आहेच. आयातदार खपेल तेवढीच नावे आणतो. त्यामुळे केंटकीच्या फळीवर धूळ खाणारी बाटली निगडी-चिंचवडच्या वाइन शॉपमध्ये ‘माल आला का?’ असे विचारून मिळवावी लागते. गंमत अशी, की बर्बनची रिकामी पिंपे गोव्यात कुंकळ्ळीला येतात आणि ‘पॉल जॉन’ मॉल्ट त्यांत मुरते. भरलेली बाटली मात्र अडते. शुल्काचा परिणाम केवढा, हे महाराष्ट्र सरकारनेच सांगितले आहे : नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरील शुल्क 300 वरून 150 टक्के करताना विक्री वर्षाला 1 लाख बाटल्यांवरून अडीच लाखांवर जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. या पट्ट्याला हा प्रकार नवा नाही. बजाजची चेतक स्कूटर आकुर्डीत बनत होती, तरी किती बनवायच्या हे परवाना ठरवी. म्हणून नोंदणीनंतर वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हाती आलेली गाडी जादा भावाने विकता येई. परवाने सैल झाले तशी रांग संपली आणि तो जादा भावही गेला.

यावर कोणी म्हणेल, बाटली मिळत नाही एवढेच खरे. कारण कोणतेही असो, श्रम तेच. पण व्यवहार सारखा नाही. केंटकीने 2018 पासून परवानाधारक दुकानांना खाजगी व्यक्तींकडून जुन्या बाटल्या विकत घेण्याची मुभा दिली. इथे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यालाही परवाना लागतो, व्हिस्कीसाठी वय 25 हवे, आणि परवान्याविना विक्री हा गुन्हा आहे. परदेशाहून प्रवाशाला शुल्काविना आणता येणारे दोन लिटर विक्रीसाठी नसतात. फेरविक्रीचा खुला बाजार नसल्याने बाटली कोणाच्या हातून आली ते तपासता येत नाही, आणि उंची ब्रँडच्या रिकाम्या बाटलीत हलकी दारू भरणाऱ्याचे फावते. दुसरा आक्षेप वजनदार आहे : मद्य महाग असणे हेच धोरण, मद्यबंदीचा निर्देश देणाऱ्या राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाला धरून. ते मान्य करूनही मुद्दा उरतो. करामुळे बाटली महाग होते, मोलाची होत नाही. म्हणून पारख एकच : ती बाटली तिच्या गावी किती रुपयांना आणि किती सहज मिळते ते पाहावे. तिथे ती रोज मिळत असेल, तर पिंपरीत मोजलेले जादा पैसे कराचे, वाहतुकीचे आणि वाट पाहण्याचे आहेत. पिंपात गेलेल्या वर्षांचे नव्हेत.