रेघ तिथेच, देश बदलले

गेल्या शंभर वर्षांत जगाचे नकाशे पुन्हा पुन्हा छापावे लागले. साम्राज्ये मोडली, फाळण्या झाल्या, देशांच्या हद्दी कुठे मागे गेल्या तर कुठे पुढे आल्या. आमच्या बांद्याजवळची गोव्याची हद्द मात्र जागची फारशी हललीच नाही. सावंतवाडीकर भोसल्यांनी 1788 साली पेडणे पोर्तुगीजांच्या हवाली केले तेव्हा ती जिथे पडली, जवळपास तिथेच ती आजही आहे. बदलत गेली ती तिच्या दोन अंगांची राज्ये. हा इतिहास मला आधी कळला तो आजीच्या आणि आजोबांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या भाऊआजोबांच्या तोंडून. पुस्तके त्यानंतर आली.

आजीचे माहेर पेडणे तालुक्यातले, सासर बांद्याजवळचे. तिच्या लहानपणी इकडे सावंतवाडी संस्थान होते आणि तिकडे पोर्तुगालचे राज्य. नाक्यावर जकात होती, शिपाई होते. पण पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेला जाणाऱ्याला ‘तू कुठल्या देशाचा’ असे कोणी विचारत नसे. सोयरिकी जुळत त्या गोत्र आणि घर पाहून. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अलीकडे स्वतंत्र भारत आला. पलीकडे लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझारच होते. त्यांनी 1951 मध्ये घटनेत बदल करून गोव्याला वसाहतीऐवजी पोर्तुगालचा ‘सागरपार प्रांत’ ठरवले. आजी 1954 मध्ये लग्न होऊन आली, ती अशी एका देशातून दुसऱ्यात. सांगताना ती हसायची. “देश बदलतलंस काय, असां माका कोणी इचारूक नाय.”

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले, आणि इकडेही वारे तापले. पुढच्या वर्षीचा 15 ऑगस्ट भाऊआजोबांनी डोळ्यांनी पाहिला. गोवामुक्तीसाठी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींची बांद्यात रीघ लागली होती. घराघरांतून भाकरी जात होत्या. पोरसवदा भाऊआजोबाही घागरी घेऊन पाणी वाढायला होते. मंडळी घोषणा देत सीमेवरच्या पत्रादेवीच्या दिशेने गेली आणि थोड्या वेळाने गोळ्यांचे आवाज आले. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पंजाबचा कर्नेलसिंग पत्रादेवीला पडला. सागरच्या सहोद्राबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. त्या पुढे लोकसभेत निवडून गेल्या. भाऊआजोबांना यांतले एकही नाव तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांना आठवत होता तो ओसरीवर आणून निजवलेला एक अनोळखी माणूस. त्याची भाषा घरात कोणालाच कळत नव्हती आणि तो खुणेने पाणी मागत होता. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाजवळून गाडी गेली की ते हात जोडत.

त्यानंतर सीमा खरोखरीची बंद झाली. 1 सप्टेंबर 1955 रोजी पणजीतली भारताची वकिलात बंद झाली. माल थांबला, मुंबईतल्या गोवेकरांनी घरी पाठवायचे पैसे थांबले, माणसांना परवाना लागू लागला. भारताचा अंदाज होता की या कोंडीने गोव्यातली सत्ता टेकीला येईल. पोर्तुगालने जगभरातून माल आणून ती निभावली. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा अशी सरबराई सुरू झाली. खाणींतले लोखंडी खनिज बोटी भरभरून परदेशी जात होते, त्यामुळे पैसाही होता. 1958 मध्ये रुपयाऐवजी ‘एस्कुदो’ हे नाणे ठरले. कोंडीचा चटका बसला तो बेळगावच्या भाजीवर आणि मुंबईच्या पैशावर जगणाऱ्या साध्या घरांना, आणि आजीसारख्या माहेरवाशिणींना.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही रीत. आजीचे झाले सासरी, कारण परवाना वेळेत मिळाला नाही. तिच्या आईने मेथीचे लाडू पाठवले ते रात्री रान तुडवत घड्याळे आणि विलायती कापड इकडे आणणाऱ्या माणसांबरोबर. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा होता, त्यामुळे त्यांच्या पाटीत बाटल्याही असत. त्यांना सरकार चोरटे म्हणे. आजी त्यांना शेवटपर्यंत ‘भाव’ म्हणत राहिली. त्यांतल्या एकाने लाडवांचे पैसे तर सोडाच, वाटखर्चही घेतला नव्हता.

1961 च्या डिसेंबरात दोडामार्गकडून लष्कर आत शिरले. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले. 19 डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांचे राज्य दोन दिवसांत संपले. रस्ता मोकळा झाल्यावर आजी लेकराला घेऊन माहेरी गेली. नातवाला तिची आई तेव्हा प्रथम पाहत होती. पोर्तुगालने मात्र ही हद्द मिटल्याचे मान्य केले नाही. लिस्बनमध्ये 1974 साली हुकूमशाही कोसळली, तेव्हा कुठे त्या वर्षअखेरीच्या करारात गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व त्यांनी स्वीकारले.

देशाची हद्द गेली, रेघ उरली. ती पुसायची की ठेवायची, हे 16 जानेवारी 1967 रोजी गोवेकरांनाच विचारले गेले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. आजीचे भाऊ फुलावर शिक्का मारून आले आणि हरले. 1,38,170 विरुद्ध 1,72,191. आमच्या घरात तेव्हा सुतक पडल्यासारखे झाले होते म्हणतात. 1987 मध्ये गोवा घटकराज्य झाले आणि केंद्रशासित प्रदेशाची हद्द दोन राज्यांची हद्द झाली.

गेलेल्या राज्यांची कागदपत्रे मात्र अजून चालतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा टिकला आणि त्यात मुलीला मुलाबरोबरीचा वाटा आहे. म्हणून माहेरची बागायत विकताना आजीला सन्मानाने बोलावून तिची सही घेतली गेली. रेघेच्या इकडे आमच्या घरच्या वाटण्या झाल्या, तेव्हा आजोबांच्या बहिणींना कोणी विचारलेसुद्धा नव्हते. ही तफावत आजी मोठ्याने बोलून दाखवायची आणि आजोबा पान जुळवत गप्प बसायचे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. आजीच्या भावाच्या नातवाने ते घेतले, भारताचे सोडले आणि तो इंग्लंडात कामाला गेला. ज्या आजोबाला बहिणीकडे यायला परवाना मिळत नव्हता, त्याच्या जन्मनोंदीवर नातवाला युरोप खुला झाला. आता चवथीला स्वतःच्या घरी तो परका नागरिक म्हणून येतो.

तरी मला वाटते, या रेघेने पाहिलेल्या सगळ्या अवस्थांत आजची सर्वांत सोसण्यासारखी आहे. ती एका दरबाराने दुसऱ्याला दिली होती, मग दोन सरकारांनी बंदुकीने राखली. लोकांना विचारून ठेवली ती 1967 मध्येच. आमची माणसे त्या मतदानात हरली, पण आजारी माणसाला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडे धावताना त्यांची वाट कोणी अडवत नाही. सीमेची पारख नकाशावर होत नाही. नाक्यावर माणसाला काय विचारतात, यावर होते. 1955 साली विचारत, “कोण तू? परवाना कुठाय?” आज गोव्याहून परतताना आमचा पोलीस काच खाली करायला लावतो आणि एवढेच विचारतो, “गाडीत बाटली आहे का?” सीमा असायचीच असेल, तर तिने याहून जास्त विचारू नये.